फी माफ झाली, पुढे काय?



छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की चौदाव्या किलोमीटरच्या आसपास चितेगाव लागते. व्हिडिओकॉनचा कारखाना इथलाच. 2018 साली ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मग कामगारांच्या घरांचे काय झाले? पगार थांबल्यावर चूल कुणी पेटती ठेवली? मुलगी कॉलेजात राहिली, की तिचे लग्न उरकले? विद्यापीठ एवढे जवळ, पण हे प्रश्न परीक्षेत कुठे येतात?

जुलै 2024 मध्ये शासनाने 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या, आर्थिक दुर्बल, ओबीसी व एसईबीसी गटांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. या निर्णयाचे स्वागतच. पण फी माफ झाली म्हणजे शिक्षण माणुसकीचे झाले, असे नाही. गावाकडून येणाऱ्या मुलीचा दिवस बसच्या वेळेवर आणि घरच्या कामावर ठरतो. संध्याकाळचा तास, लवकर बंद होणारे ग्रंथालय, हजेरीची टक्केवारी ठरवताना ही मुलगी कुणाच्या डोळ्यांसमोर असते? बाळंतपण आले की शिक्षण सुटते. खरे तर विद्यार्थिनींना प्रसूती रजा आणि हजेरीत सवलत देण्याचे नियम करा, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्येच कळवले आहे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, हा आयोगाचा नियम 2015 चा. आपल्या कॉलेजच्या समितीवर कोण आहे, हे किती मुलींना सांगता येईल?

बाबासाहेबांनी 1950 साली या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले, ते शाळेचे तोंड न पाहिलेल्या घरांतल्या मुलांसाठीही. 1958 साली स्थापन झालेल्या विद्यापीठाला 1994 साली त्यांचे नाव मिळाले. त्यासाठी माणसांनी जीव गमावले. कमानीवर नाव आले. आता ते वेळापत्रकात आणि अभ्यासक्रमातही उतरायला हवे.

नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रीय प्रकल्पांना आणि समाजसहभागाला श्रेयांक आहेत. चार फोटो आणि एक फाईल, एवढ्यावर ते मिळू नयेत. विद्यार्थिनींनी पैठण रस्त्यावरच्या गावांत जावे, कंत्राटी कामावरच्या बायकांशी बोलावे, मजुरी, कामाचे तास, पाळणाघर यांची नोंद करावी. आणि जे लिहिले ते मराठीत, त्याच बायकांपुढे वाचून दाखवावे. चूक असेल तर त्या सांगतील. ती खरी तोंडी परीक्षा!

आपल्या गटांनी एवढे तरी करावे: जवळच्या कॉलेजात जाऊन समितीची नावे फलकावर लावायला सांगावीत, प्रसूती रजेचा नियम लेखी मागावा, तासांच्या वेळा बसशी जुळवून घ्यायला लावाव्यात. मुलगी शिकली पाहिजे, हे आपण सगळ्याच म्हणतो. ती कशासाठी शिकते आहे, हे ठरवताना तिलाही विचारायला हवे.