अक्षरांची अरुंद वाट

आपल्या समाजात एक समज घट्ट रुजला आहे. जे नवे आणि जड, ते पुढारलेले. जे साधे आणि हलके, ते मागासलेले. इंटरनेटच्या बाबतीत तर हा समज जणू श्रद्धेच्या पदाला पोहोचला आहे. चित्रे हलली पाहिजेत, रंगांची उधळण झाली पाहिजे, दर दोन ओळींनंतर एखादी जाहिरात डोकावली पाहिजे, तरच ते खरे इंटरनेट! या समजाला विरोध करण्यासाठी हा लेखप्रपंच. केवळ अक्षरे वाहून नेणारी, वजनाने हलकी अशी इंटरनेटची दुसरी वाट आजही अस्तित्वात आहे. मजकूर लिहिण्याच्या साध्या साधनातून, म्हणजे टेक्स्ट एडिटरमधून, ती चालता येते. आणि यवतमाळसारख्या जिल्ह्याला तिची गरज मुंबई-पुण्याहून अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम ही वाट कोणती ते पाहू. इंटरनेट आणि वेब हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः इंटरनेट हा रस्ता आणि वेब हे त्यावरून धावणारे एक वाहन. वाहने इतरही आहेत. १९९१ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ‘गोफर’ नावाची पद्धती जन्मली. वाचकासमोर ग्रंथालयाच्या सूचीसारखी यादी यावी, त्याने एक ओळ निवडावी आणि त्या ओळीमागचा मजकूर उघडावा, इतकीच तिची रीत. १९९३च्या प्रारंभी विद्यापीठाने काही वापरासाठी शुल्क घेण्याचे सूतोवाच केले. त्याच वर्षी ३० एप्रिलला युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेने वेबचे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. जकातनाका दिसताच गाड्या दुसऱ्या रस्त्याला वळाव्यात तसे झाले. गोफर मागे पडले. मात्र मेले नाही. पुढे २०१९मध्ये ‘जेमिनी’ नावाची नवी पद्धती पुढे आली. गोफरहून थोडी समृद्ध, वेबहून पुष्कळ साधी, आणि प्रत्येक संभाषण कुलूपबंद ठेवणारी.

तिचे कार्य समजण्यास अभियंता असण्याची गरज नाही. वाचकाचा संगणक पत्त्याची एक ओळ पाठवतो; ती १०२४ बाइटांहून मोठी असू शकत नाही. समोरचा संगणक आधी एका ओळीत ‘मजकूर आहे’ किंवा ‘सापडला नाही’ असे सांगतो, मग मजकूर देतो आणि संबंध संपवतो. वाचकाने न मागितलेली एकही गोष्ट त्याच्या दारात येत नाही. मागावर राहणाऱ्या कुकीज नाहीत, आपोआप चालणारे प्रोग्रॅम नाहीत. दुसऱ्या पानाचा दुवा स्वतंत्र ओळीत, बाणाच्या खुणेसह, उघडपणे दिलेला असतो. लपवाछपवीला जागाच नाही.

आता एडिटरकडे वळू. ‘ईमॅक्स’ या एडिटरचे मूळ १९७६चे; रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याची मुक्त आवृत्ती १९८५मध्ये प्रसिद्ध केली. त्यात ‘एल्फर’ नावाची विनामूल्य पुरवणी घातली की गोफर आणि जेमिनी या दोन्ही पद्धतींची पाने तेथेच उघडतात. लाभ असा की पान हे पुन्हा निखळ मजकूर होते. अक्षर मोठे करा, शब्द शोधा, उतारा उचलून आपल्या टिपणात ठेवा, सारे पान जतन करा. वीज गेली, जोडणी तुटली, तरी जतन केलेले पान आपलेच राहते. वाचणे आणि लिहिणे या दोन क्रिया एकाच पाटावर बसतात. आणि देवनागरीचे काय, ही शंका कोणी घेईल तर तीही निराधार आहे. जेमिनीचा मजकूर मूळ गृहीत म्हणूनच युनिकोडमध्ये असतो. ईमॅक्सच्या २०२३च्या २९व्या आवृत्तीत तर, आपल्या शाळांनी जिला केव्हाच निरोप दिला, त्या मोडी लिपीचीही सोय झाली आहे.

थोडा हिशोब मांडू. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवण्यास तीन बाइट लागतात. त्या मानाने हजार शब्दांचा मराठी लेख सुमारे वीस किलोबाइटांत मावतो. आजचे सर्वसाधारण वेबपान दोन मेगाबाइटांहून अधिक वजनाचे असते. म्हणजे एका लेखाचे धान्य पोचवण्यासाठी आपण शंभर लेखांच्या वजनाची गाडी जुंपतो! आणि हे ओझे ओढतो कोण? ज्याचा फोन स्वस्त, ज्याच्या गावी टॉवर दूर, ज्याचा डेटा मोजका, तोच.

यवतमाळ जिल्ह्यात ही चर्चा करमणुकीची उरत नाही. २०११च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाखांहून अधिक, आणि तीत बहुसंख्य ग्रामीण. झरी जामणी, केळापूर, मारेगाव या भागांत कोलाम बांधवांचे पोड विखुरलेले. याच जिल्ह्यातील शेतकऱ्याला २०१७मध्ये कर्जमाफीचा अर्ज ऑनलाइन भरावा लागला. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणीसाठी शेतात उभे राहून फोनवर पिकाची नोंद करणे आले. २०२५-२६च्या हंगामात भारतीय कपास निगमला हमीभावाने कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ या ॲपवरील नोंदणी आली. पीक शेतात उभे. पण शेतकऱ्याचा हक्क मात्र एका फिरणाऱ्या चक्राच्या कृपेवर! मुदत कोणती, कागद कोणते, यादीत नाव आहे की नाही, ही माहिती काही ओळींची. त्या काही ओळींसाठी तालुक्याच्या गावी खेप घालून केंद्रावर रांग लावावी लागावी, यात प्रगती ती कोणती?

येथे न्यायाने बोलले पाहिजे. पिकाचे छायाचित्र अक्षरांच्या वाटेने घ्यावे, असे मी म्हणत नाही. जेथे चित्र आवश्यक आहे तेथे चित्र असावे. प्रश्न आहे तो केवळ वाचायच्या माहितीचा. शासनाने सूचना, याद्या, दर आणि मुदती यांची एक प्रत साध्या मजकुराच्या रूपात, हलक्या पद्धतीने उपलब्ध ठेवावी, एवढीच मागणी आहे. मोबाइलवरच्या लघुसंदेशातून बाजारभाव कळवण्याचे प्रयोग याच महाराष्ट्रात २००७पासून झाले. १६० अक्षरांत भाव कळू शकतो, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. विसर पडला आहे तो योजना आखणाऱ्यांना.

आक्षेप घेणारे म्हणतील, “हा मूठभर हौशी लोकांचा छंद आहे.” त्यांनी टी. व्ही. रामन यांचे उदाहरण पाहावे. पुण्यात वाढलेले हे गृहस्थ चौदाव्या वर्षी दृष्टीला पूर्णपणे मुकले. वाडिया महाविद्यालय, मुंबईची आयआयटी आणि पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ असा त्यांचा प्रवास झाला. त्यांनी १९९५मध्ये ‘ईमॅकस्पीक’ ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली. तिच्या योगाने ईमॅक्स एडिटर बोलू लागला, आणि पत्रे, ग्रंथ, इंटरनेट हे सारे दृष्टिहीनांना त्याच एका साधनातून ऐकता येऊ लागले. हे शक्य का झाले? एडिटरच्या पोटात सर्व काही मजकूर असते, आणि मजकूर हा पाहता येतो तसाच उच्चारताही येतो म्हणून. पडद्यावरच्या नाचत्या चौकटींना वाचा नसते. जे साधन एका अंध विद्वानाच्या हातात जगाचे दार उघडते, त्याला छंद म्हणणे हा डोळसांचा उद्धटपणा होय.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. “या वाटेने चालणारे थोडे, मराठी पाने त्याहून थोडी, मग तेथे जाऊन वाचायचे काय?” आक्षेप खरा आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये राशोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. खिळे नाहीत म्हणून मराठीत लिहायचेच नाही, असे त्यांनी ठरवले असते तर? आज खिळ्यांचीही अडचण नाही. मराठी पाने नाहीत ती आपण लिहिली नाहीत म्हणून. हा दोष वाटेच्या माथी मारता येणार नाही.

तिसरा आक्षेप असा की काळाचे चक्र मागे फिरवता येत नाही. यवतमाळकरांना याचे उत्तर त्यांच्या ‘शकुंतले’ने दिले आहे. कापूस वाहण्यासाठी आलेली मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मार्गाची रेल्वे १९०३मध्ये सुरू झाली. १९९४पर्यंत तिला वाफेचे इंजिन ओढत होते. गेली काही वर्षे ती बंद आहे. दरम्यान वर्धा-यवतमाळ-नांदेड या रुंद मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झाला. त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु तो मार्ग कारंज्याकडे वळत नाही. रुंद मार्ग येणे ही प्रगती असेल. पण पर्याय हाती येण्यापूर्वी अरुंद मार्ग बंद पडला तर मधल्या स्थानकांवरच्या माणसाला प्रगतीची गाडी दुरूनच पाहावी लागते. इंटरनेटच्या जगात आपण नेमके हेच करीत आहोत, आणि तेही रूळ उखडण्याचे काही कारण नसताना. अक्षरांचा मार्ग राखण्यास खर्च तो किती? एक जुना संगणक आणि एखाद्या तरुणाची चिकाटी.

म्हणून शासनाकडे बोट दाखवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्या धर्मग्रामांत शाळा आहेत, ग्रंथालये आहेत, संगणक शिकलेली मुलेमुली आहेत. शाळेच्या अडगळीत पडलेल्या संगणकावर ही विनामूल्य साधने बसवता येतात. धर्मग्रामाच्या सूचना, शाळेची वेळापत्रके, शेतीच्या योजनांची सोप्या मराठीत दिलेली माहिती, मासिकांचे जुने अंक हे सारे साध्या मजकुरात ठेवता येते. जेमिनीची पाने मोबाइलवरही उघडतात. तेव्हा एडिटर न शिकलेल्या आईवडिलांनाही ती वाचता येतील. कोलामी आणि बंजारा घरांतील मुलांनी आपल्या आजीची गाणी देवनागरीत उतरवून तेथे ठेवली, तर त्यासाठी कोणत्याही कंपनीची परवानगी लागणार नाही आणि शेजारी जाहिरातही लागणार नाही.

रुंद रस्त्यावरून जाणाऱ्यांनी खुशाल जावे. आमचे म्हणणे इतकेच की सार्वजनिक माहिती ही सार्वजनिक वाटेवर असावी, आणि सार्वजनिक वाट तीच, जिच्यावरून सर्वांत दुबळ्या फोनचा धनीही चालू शकतो. जी योजना त्याला वगळून आखली जाते ती कितीही झगमगीत असो, तिला लोकांची योजना म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.