पेरातला बाप

उभयचरांचं सर्वेक्षण म्हणजे ओढे, डबकी आणि पाणथळ जागा पालथ्या घालणं, ही आपली सवय राओर्केस्टिस प्रजातीतल्या झुडूपबेडकांपुढे उपयोगाची नाही. त्यांना अंडी घालायला पाणवठा लागत नाही. बेडूकमाशाची अवस्था अंड्यातच उरकते आणि बाहेर पडतं ते थेट चार पायांचं पिल्लू. सह्याद्रीतला राओर्केस्टिस घाटेही याच वळणाचा.

याच कुळातला राओर्केस्टिस चालाझोडेस दक्षिणेच्या डोंगरांत राहतो. लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर, अंग हिरवंगार, मांड्या राखी-निळ्या. एकोणिसाव्या शतकात गुंथर यांनी त्याचं वर्णन केलं, त्यानंतर शतकाहून अधिक काळ तो कुणाला दिसला नाही. सत्यभामा दास बिजू यांच्या हरवलेल्या उभयचरांच्या शोधमोहिमेत तो पुन्हा सापडला आणि 2011 मध्ये तसं जाहीर झालं.

त्याचं घर मात्र त्याहून विलक्षण आहे. तमिळनाडूतल्या कळक्काड-मुंडंतुरै व्याघ्र प्रकल्पात के. एस. शेषाद्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बारकाईनं अभ्यासलं. तिथल्या ओक्लॅंड्रा या पातळ सालीच्या बांबूला कीटक किंवा कुरतडणारे प्राणी काही मिलिमीटरांची फट पाडतात. तेवढ्या फटीतून अंग चोरत नर पोकळ पेरात शिरतो आणि आतूनच मादीला साद घालतो. मादी येते, मोजकी अंडी घालते आणि निघून जाते. पुढचं सगळं बापाकडे! संध्याकाळी थोडा वेळ खाण्यासाठी बाहेर पडणं सोडलं, तर तो अंड्यांपाशीच असतो. ही राखण कशासाठी, हे नरांना दूर करून केलेल्या प्रयोगांतून कळलं. राखणदार नसलेली अंडी बहुतांशी वाचली नाहीत, आणि ती खाणाऱ्यांत त्याच जातीचे दुसरे नर होते.

म्हणजे या बेडकाला नुसतं जंगल असून भागत नाही, नुसता बांबू असूनही नाही. उभा, पोकळ आणि कुणीतरी आधीच भोक पाडलेला बांबू लागतो, कारण फट पाडणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. वरून बेट हिरवंगार दिसत असेल आणि भोकाची पेरं तेवढी तोडून नेलेली असतील, तर तिथे त्याची वीण होणार नाही. आपल्या नोंदींत बांबू येतो तो टनांत आणि नगांत. भोकाच्या पेरांसाठी त्यात रकानाच नाही. ही उणीव गंभीर आहे.

टोपल्या विणणाऱ्यांच्या पोटावर पाय देऊन हा प्रश्न सुटणार नाही, आणि तशी गरजही नाही. तोड ठरवताना विणीचा हंगाम टाळता येतो, प्रत्येक बेटात काही भोकाचे बांबू खूण करून राखता येतात. क्षेत्रात काम करणाऱ्या संशोधकांनी कुतूहलापोटी पेर फोडू नये. बारीक नळीचा कॅमेरा फटीतून आत सोडता येतो. येत्या पावसाळ्यात आपापल्या भागातल्या बांबूच्या बेटांपाशी रात्री थांबा, आवाज कुठल्या पेरातून येतो ते ऐका, आणि त्या नोंदी जागेसह आमच्याकडे पाठवा.