टक्का कोणाचा, छेद कोणता?

मे २०१२ मध्ये जगात सर्वाधिक वापरला जाणारा न्याहाळक कोणता होता? स्टॅटकाउंटरच्या आकडेवारीनुसार क्रोम. त्याने सुमारे ३२ टक्क्यांवर पोचून इंटरनेट एक्सप्लोररला निसटते मागे टाकले होते. नेट ॲप्लिकेशन्सच्या आकडेवारीनुसार मात्र इंटरनेट एक्सप्लोरर सुमारे ५४ टक्क्यांवर होता आणि क्रोम २० टक्क्यांच्या आत. महिना एकच, जग एकच, उत्तरे दोन. आणि दोहोंपैकी एकही बनावट नव्हते.

साहित्याच्या अभ्यासकाला याचे नवल वाटू नये. निवेदक बदलला की कथा बदलते, हे आपण वर्गात शिकवतोच. स्टॅटकाउंटर उघडलेली पाने मोजत होते. नेट ॲप्लिकेशन्स दररोजचे स्वतंत्र अभ्यागत मोजत असे आणि प्रत्येक देशातील आंतरजाल-वापरकर्त्यांच्या संख्येनुसार त्यांना भार देत असे. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या नोंदवहीत तीस कादंबऱ्यांची नोंद आहे एवढ्यावरून कादंबरीचे तीस वाचक ठरत नाहीत. एकाच वाचकाने त्या तीसही नेलेल्या असू शकतात. टक्केवारी वाचताना अंशाकडे सगळ्यांचे लक्ष जाते. अर्थ मात्र छेदात दडलेला असतो.

छेद कळला तरी साक्षीदाराचा प्रश्न उरतोच. न्याहाळक आपली ओळख स्वतःच सांगतो, ती एका ओळीत. आणि ती ओळ म्हणजे पाठचिकित्सेचा उत्तम नमुना आहे. नव्वदच्या दशकात नेटस्केप स्वतःला ‘मोझिला’ म्हणवीत असे. काही संकेतस्थळे चांगली पाने त्या नावालाच देत, म्हणून इंटरनेट एक्सप्लोररनेही ते नाव लावले. पुढे प्रत्येकाने आधीच्यांची नावे आपल्या ओळीत जपली. आज क्रोमच्या ओळीत मोझिला, गेको आणि सफारी ही सारी नावे नांदतात. कार्यप्रणालींचेही तेच. विंडोज ११ या ओळीत विंडोज १० म्हणूनच वावरते. २०१९ पासून आयपॅडवरील सफारी बहुतेक वेळा स्वतःला मॅक म्हणवते. हस्तलिखितातील प्रक्षेप न ओळखता कवीचा काळ ठरवणारा संशोधक आणि ही ओळ जशीच्या तशी मानणारा विश्लेषक यांच्यात फारसे अंतर नाही.

तरीही सर्वांत मोठी अडचण साक्षीत नाही, ती अनुपस्थितीत आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक भारतीय भाषांतील वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या खास टंकांवर चालत. तो टंक पानासोबत आपोआप पोचवण्याची जी एक पद्धत होती, ती फक्त इंटरनेट एक्सप्लोररला उमगे. लिनक्स किंवा फायरफॉक्स वापरणाऱ्याला अशा पानावर मजकुराऐवजी निरर्थक अक्षरांची रास दिसे. असा वाचक पुन्हा कशाला येईल? मग नोंदवही सांगणार की आमचे बहुतेक वाचक इंटरनेट एक्सप्लोररच वापरतात, आणि संपादक म्हणणार की इतरांसाठी खर्च कशाला? दार बंद ठेवायचे आणि आत कोणी येत नाही म्हणून ते बंदच बरे असे ठरवायचे, यातला हा प्रकार आहे.

हा इतिहास संपलेला नाही. मराठी मजकूर आंतरजालावर आणणाऱ्यांपुढे आजही तोच निर्णय असतो: जुन्या फोनवर, जुन्या न्याहाळकावर वाचणाऱ्यांचे काय करायचे? ‘ते जेमतेम एक टक्का आहेत’ हे उत्तर तयार असते. महिन्याला दहा हजार वाचक असतील तर एक टक्का म्हणजे शंभर माणसे. एखाद्या कवितासंग्रहाला शंभर वाचक मिळाले तर आपण समाधान मानतो.

साधने मर्यादित असतात, प्रत्येक जुन्या यंत्राची सोय पाहणे शक्य नसते, हा आक्षेप रास्त आहे. पण मग निवड आपण केली असे म्हणावे. ती आकड्यांच्या माथी मारू नये. आणि निवड करताना सजावट व संहिता यांत फरक करावा. जुन्या फोनवर चित्रे नीट दिसली नाहीत तर फारसे बिघडत नाही. अक्षरे दिसलीच पाहिजेत. आकडेवारी आपल्याला आलेल्या वाचकांविषयी काही सांगते. न आलेल्यांविषयी ती गप्प असते, आणि त्या मौनाचा अर्थ ‘कोणी नाही’ असा लावण्याचा अधिकार ती कोणालाच देत नाही.