पेट्रोलमधला ऊस
ऊस गोड लागला म्हणून तो मुळासकट खाऊ नये, असं म्हणतात. आता तो मोटारीला पाजायचा ठरला आहे. आमच्या सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांचा तोटा नाही. तोटा असतो तो कारखान्यांना. तो भरून निघावा, परकीय चलन वाचावं, उसाचं बिल वेळेवर मिळावं, याला शुक्रवार पेठेत कुणी नाही म्हणणार नाही. आमच्या शाखेचे कितीतरी खातेदार शेतकरीच आहेत!

पण मंडळी, हिशेब म्हणजे हिशेब. पेट्रोलच्या मानानं इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी. शेकडा 20 इथेनॉल घातलं की जुन्या घडणीच्या चारचाकीचं मायलेज 6 ते 7 टक्के घटतं, हे नीती आयोगाच्याच 2021 च्या अहवालात आहे. शिवाय ते पाणी शोषतं, जुन्या रबरी नळ्यांना छळतं. आमचे मेस्त्री म्हणतात, "साहेब, गाडीला सोसंना." गाडी 2012 ची, तिला या वयात नवं व्यसन कशाला?

शंभराच्या बंडलात सहा नोटा कमी निघाल्या तर कॅशियर घरी बसतो. पंपावर मात्र भाव तोच! हे इंधन स्वस्त द्यावं, असंही त्याच अहवालात सुचवलं होतं. ते पान कुणी उलटलंच नाही. बिनइथेनॉल पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सुप्रीम कोर्टानं 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. बरं, पर्याय राहू द्या. उसाला भाव द्या, जरूर द्या. पण घटलेल्या मायलेजचे पैसे तेवढे आमच्या खात्यावर जमा करा.