दोन सेकंदांमागची सोळा वर्षे

ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा सुरू असताना एका सायंकाळी मी तालकटोऱ्याच्या जलतरण संकुलात जाऊन बसलो होतो. त्या दिवसांत राजधानीत चर्चा होती ती कोसळलेल्या पादचारी पुलाची आणि फुगलेल्या खर्चाची. खेळांविषयी फारसे कोणी बोलत नव्हते. दहा मीटरच्या प्लॅटफॉर्मवरून तेव्हा सोळा वर्षांचा एक ब्रिटिश मुलगा सूर मारत होता. बीजिंग ऑलिंपिकचा विजेता ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू मिचम याला मागे टाकून त्याने सुवर्णपदक जिंकले. मॅक्स ब्रिकच्या साथीने जोडीच्या प्रकारातले सुवर्णही त्याने मिळवले. त्या मुलाचे नाव टॉम डेली.

आता २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहे आणि २०३६ च्या ऑलिंपिकवरही भारताने अधिकृतपणे दावा सांगितला आहे. अशा वेळी मला वारंवार आठवतो तो हा डेली. त्याची कारकीर्द हा क्रीडा धोरणाचा उत्तम धडा आहे. पण त्यातून आपण नेमके काय शिकणार, हा प्रश्न आहे.

डायव्हिंग हा खेळ मुळातच धोरणकर्त्यांच्या संयमाची परीक्षा पाहणारा आहे. दहा मीटरवरून निघालेले शरीर दोन सेकंदांच्या आत पाण्याला भिडते. त्या क्षणी त्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास असतो. कोलांट्या, गिरक्या आणि शेवटी पाणी न उसळवता आत शिरणे, हे सारे त्या अवधीत बसवायचे असते. गावाकडच्या विहिरीत बेधडक सूर मारणारी मुले आपल्याकडे पुष्कळ आहेत; पण धाडस ही या खेळाची केवळ पहिली पायरी. पुढे हवी असतात ती कमरेला पट्टा बांधून कोरड्या जमिनीवर, ट्रॅम्पोलिनवर आणि फोमच्या खड्ड्यात केलेली हजारो आवर्तने आणि रोज तिथे हजर असणारा प्रशिक्षक. याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येत नाही आणि उद्घाटनाची फीतही कापता येत नाही.

डेली वयाच्या सातव्या वर्षी या खेळाकडे वळला, तो प्लिमथ या बंदराच्या शहरात. प्लिमथ राजधानी नाही, मोठे महानगरही नाही. पण तिथल्या सार्वजनिक तलावात या खेळाची सोय होती आणि अँडी बँक्स हा प्रशिक्षक होता. चौदाव्या वर्षी डेली बीजिंगला गेला, पदकाविना परतला. पंधराव्या वर्षी रोममध्ये विश्वविजेता झाला. २०११ मध्ये मेंदूच्या गाठीने त्याचे वडील गेले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्याने कांस्य मिळवले.

मला सर्वांत बोलका वाटतो तो २०१६ चा रिओचा प्रसंग. वैयक्तिक प्रकाराच्या प्राथमिक फेरीत डेलीने विक्रमी गुण मिळवून पहिला क्रमांक पटकावला आणि उपांत्य फेरीत अठरा जणांत शेवटचा राहून तो बाहेर पडला. हाती राहिले ते जोडीच्या प्रकारातले कांस्य. आपल्याकडे यानंतर काय झाले असते याची कल्पना करा! समाजमाध्यमांवरील शेरेबाजी, चित्रवाणीवरील चर्चा आणि पाठोपाठ पुढच्या यादीतून गळलेले नाव. डेली मात्र व्यवस्थेत टिकून राहिला. पुढच्या वर्षी बुडापेस्टमध्ये पुन्हा विश्वविजेता झाला आणि २०२१ मध्ये टोकियोत मॅटी लीसह त्याने अवघ्या १.२३ गुणांनी चिनी जोडीला हरवून सुवर्ण घेतले. पॅरिसमध्ये, तिशीत, नोआ विल्यम्ससह रौप्य. बीजिंग ते पॅरिस अशी पाच ऑलिंपिक, सोळा वर्षे, पाच पदके.

यामागची सरकारी बाजू अशी. १९९६ च्या ॲटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला एकच सुवर्ण मिळाले आणि पदकतक्त्यात तो देश ३६ वा आला. त्यानंतर, १९९७ पासून, राष्ट्रीय लॉटरीचा पैसा नियमितपणे निवडक खेळाडू आणि प्रशिक्षकांकडे वळवण्यात आला. डायव्हिंगमध्ये १९६० नंतरचे पहिले ऑलिंपिक पदक आले ते २००४ मध्ये, पहिले सुवर्ण २०१६ मध्ये आणि पॅरिसमध्ये एकदम पाच पदके. म्हणजे पहिल्या पदकाला सात वर्षे, पहिल्या सुवर्णाला एकोणीस. पाच वर्षांच्या सरकारी गणितात हा हिशेब बसत नाही, हे उघड आहे.

अर्थात ब्रिटनचे प्रारूप जसेच्या तसे उचलावे असे मी म्हणणार नाही. पदकांच्या आशेवर पैसे वाटण्याच्या त्याच धोरणाने लंडननंतर बास्केटबॉल आणि वॉटर पोलोसारख्या खेळांचे अनुदान तोडले. जिम्नॅस्टिक्समध्ये मुलांशी झालेल्या क्रूर वागणुकीचा अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा पदकांची दुसरी किंमतही कळली. आपल्या दिवाणखान्यांतील चर्चांत हेवा वाटतो तो मात्र चीनचा. पॅरिसमधली डायव्हिंगची आठही सुवर्णपदके त्यांनी नेली, हे खरे. त्यांतली दोन जिंकणारी छ्वान हुंगछान गुआंगदोंगमधल्या गरीब शेतकरी कुटुंबातली. टोकियोत चौदाव्या वर्षी विजेती झाल्यावर, आजारी आईच्या उपचारांसाठी पैसे कमवायचे आहेत, असे तिने सांगितले होते. त्या मुलीविषयी आदर वाटतो; पण आईच्या औषधासाठी लेकरावर सुवर्णपदक मिळवण्याची वेळ यावी, ही व्यवस्था मला हेवा करण्याजोगी वाटत नाही.

आणि आपण? १९५१ मध्ये दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत के. पी. ठक्कर यांनी स्प्रिंगबोर्ड आणि प्लॅटफॉर्म ही दोन्ही सुवर्णपदके जिंकली होती. आज ते नाव क्रीडा मंत्रालयाच्या किती अधिकाऱ्यांना ठाऊक असेल? ऑलिंपिकमध्ये या खेळातले एकही पदक आपल्या नावावर नाही. मणिपूरमधून खेळाडू येतात, पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूटमध्ये लष्कर डायव्हर घडवते. लष्कराबाहेर सातव्या-आठव्या वर्षीच्या मुलाला किंवा मुलीला दार कोणते? २०१४ ची ‘टॉप्स’ योजना उपयुक्त आहे, पण ती पदकाच्या उंबरठ्यावर आलेल्यांना हात देते. उंबरठ्यापर्यंतचा सारा रस्ता पालकांनी चालायचा असतो.

पैशाची अडचण आहे, असे मला वाटत नाही. अहमदाबादमध्ये आंतरराष्ट्रीय दर्जाचे जलतरण संकुल उभे राहिले आहे, २०२५ मध्ये तिथे आशियाई स्पर्धाही झाली. तालकटोऱ्याचा तलाव आहेच. ज्या देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात, तिथे सार्वजनिक तलाव आणि पोहणे शिकवणारा माणूस हा चैनीचा खर्च म्हणता येत नाही. पदक आले नाही तरी तो पैसा वाया जाणार नाही.

२०३६ मध्ये जी मुले वीस वर्षांची असतील, ती आज शाळेत आहेत. त्यामुळे क्रीडा मंत्रालयाकडे माझी मागणी साधी आहे. देशात डायव्हिंगची सोय असलेल्या प्रत्येक सरकारी तलावाबद्दल दरवर्षी तीन गोष्टी जाहीर कराव्यात : तो वर्षातून किती दिवस खुला होता, तिथे पूर्णवेळ प्रशिक्षक आहे का, आणि दहा वर्षांखालील किती मुले तिथे नियमित येतात. पहिला तक्ता तालकटोऱ्याचा लावावा.