खेळण्यांतला खलपुरुष

यंदा दिवाळींत पुण्याहून आलेल्या नातवानें आमच्या कर्जतच्या घरीं 'डार्थ व्हेडर' आणला. 'स्टार वॉर्स' या १९७७ सालीं सुरू झालेल्या चित्रपटमालिकेंतील हा कृष्णवस्त्रधारी खलपुरुष. लेगो या डॅनिश कंपनीनें २०१५ सालीं काढलेल्या या बाहुल्याचे १६० सुटे भाग जोडावे लागतात. "असला राक्षस घरांत कशाला?" हा वडीलधाऱ्यांचा आक्षेप विचारार्ह आहे.

वस्तु म्हणून ती उत्तम. गोलाकार सांध्यांमुळें हातपाय हवे तसे वळतात. चित्रें पाहून क्रमानें जुळणी करतांना मुलास धीर व अवधान यांची संवय लागते.

राक्षस रचणें आपणांसही परकें नाहीं. गोमंतकांत मुलें नरकासुर उभारतात आणि चतुर्दशीच्या पहांटे जाळतात. दुष्टाचा अंत त्यांच्याच हातून होतो. हा बाहुला मात्र फळीवर विजयी मुद्रेनें उभाच राहतो. हेंच त्याचें न्यून. १९८३ सालच्या चित्रपटांत हाच व्हेडर पुत्राला वांचवितांना प्राण वेंचतो, हें बाहुल्यावरून कळत नाहीं. तें सांगणें आपलें काम. पालकांनीं बाहुला अवश्य द्यावा. सोबत मुलाजवळ बसून त्या कथेचा शेवटही सांगावा.