पाणी कुठे मुरते?

आपल्या भाषेत ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ असा एक फार नेमका वाक्प्रचार आहे. चोरी सापडलेली नाही, चोर तर नाहीच नाही, पण हिशेब जुळत नाही आणि नाकाला वास येतो आहे, अशा अवस्थेला दुसऱ्या कुठल्या भाषेत इतका चपखल शब्द असेल असे मला वाटत नाही. बँकेत असताना शाखा-तपासणीच्या वेळी हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले. पण ज्या घरगुती अनुभवातून ते आले असावे, त्या खऱ्याखुऱ्या मुरणाऱ्या पाण्याकडे आपण जितके दुर्लक्ष करतो तितके बहुधा कशाकडेच करत नाही.

मी बोलतो आहे ते जमिनीखालच्या गळतीबद्दल. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून खालच्याच्या छतावर पडणारा ओला डाग सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यावरून होणारी भांडणे सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांमध्ये दरवर्षी नव्या उत्साहाने होतात. त्या डागात निदान प्रामाणिकपणा असतो, तो दिसतो. तळमजल्याच्या घरात, बंगल्यात किंवा रो-हाउसमध्ये फरशीखालून गेलेला नळ फुटला तर खाली छत नसते, मुरूम असतो. मुरूम पाणी पितो आणि गप्प बसतो. वर्ष-दोन वर्षांनी भिंतीच्या पायथ्याला लोणा धरतो, रंगाचे पोपडे सुटतात, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो. आपण पावसाळ्याला दोष देऊन पुन्हा रंग लावतो. एप्रिल महिन्यात भिंत ओली असेल तर तो पाऊस नव्हे, एवढे तरी आपल्या लक्षात यायला हवे.

आपल्याकडे घराचे जोते कसे भरतात ते सर्वांनी पाहिलेले असते. मुरमाची भर, त्यावर दगडांचे सोलिंग, त्यावर काँक्रीटचा थर, मग फरशी. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या घरांत या थरांमध्येच जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ, म्हणजे आपले जीआय पाइप, आडवे टाकून दिले गेले. त्या नळाचे मर्मस्थान त्याचे आटे. जोड घेण्यासाठी आटे पाडले की तिथला जस्ताचा थर कापला जातो आणि जाडीही कमी होते. सफेदा आणि तागाचा धागा गुंडाळून जोड घट्ट केला तरी ओल्या मातीत गंज पहिल्यांदा तिथेच धरतो. भर म्हणून कोळशाची राख वापरली असेल, आणि जुन्या मुंबईत ती न्हाणीघरांच्या खड्ड्यांत सर्रास वापरली गेली, तर राखेतला गंधक हे काम आणखी लवकर उरकतो. आज सगळीकडे प्लॅस्टिकचे नळ आले आहेत. ते गंजत नाहीत हे खरे, पण घाईत चिकटवलेला जोड आणि दरवाजाची चौकट बसवताना ठोकलेला खिळा यांपुढे त्यांचेही काही चालत नाही.

काळ्या मातीवर घर असेल तर मामला आणखी गंभीर होतो. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीचा स्वभाव असा की ती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच. घराच्या एका कोपऱ्याखाली बारा महिने पाणी मुरत राहिले तर तेवढाच कोपरा वर उचलला जातो, बाकीचा जागीच राहतो आणि भिंतीला तिरकी चीर जाते. मुरमाच्या भरीत उलटा प्रकार होतो. बारीक माती वाहून जाते आणि फरशीखाली पोकळी तयार होते. काठीने ठोकल्यावर ‘बद्’ असा पोकळ आवाज देणारी फरशी दिसली तर तिच्यावर गोदरेजचे कपाट ठेवू नये.

आमच्या पुण्यातल्या रो-हाउसच्या ओळीत २०२१ च्या हिवाळ्यात जे घडले ते इथे सांगतो, कारण माझा मुद्दा त्याशिवाय नीट कळणार नाही. १९८८ साली बांधलेली ही सात घरे एका उतारावर आहेत. चौथ्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहतात, आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. त्यांच्या मागच्या खोलीत त्यांचे नव्वदीतले सासरे अंथरुणाला खिळून होते आणि त्याच खोलीची भिंत गुडघाभर उंचीपर्यंत ओली झाली. म्हाताऱ्या माणसाच्या छातीला ती ओल सोसेना. भिंतीपलीकडे पाचवे घर, आणि नेमके त्यांचे न्हाणीघर. संशय कुणावर गेला ते सांगायला नको. शब्दाने शब्द वाढला, वकिलाच्या नोटिशीची भाषा झाली. शेवटी समितीने एक ठेकेदार बोलावला. त्याने पाचव्या घराचे न्हाणीघर आणि स्वयंपाकघराची निम्मी फरशी फोडली. नळ कोरडा ठणठणीत निघाला. तीस वर्षांपूर्वीच्या मोझॅक टाइल्सना जोड मिळाली नाही, म्हणून आजही त्या स्वयंपाकघरात दोन रंगांची जमीन आहे. या पराक्रमाचे बेचाळीस हजार रुपयांचे बिल झाले आणि समितीने ते बिनबोभाट चुकते केले.

त्यानंतर कुणीतरी एका म्हाताऱ्या प्लंबरला आणले. त्याच्या पिशवीत हातोडा होता, पण त्याने तो बाहेरच काढला नाही. त्याने रात्री दहा वाजता सातही घरांच्या गच्चीवरच्या टाक्यांचे आवक-कॉक बंद केले, आतल्या पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि सर्वांना सांगितले, सकाळी सहापर्यंत कुणी नळ सोडायचा नाही. मी म्हटले, ‘‘मिस्त्री, ओल चौथ्या घरात आहे, सगळ्यांच्या टाक्या कशाला?’’ तो म्हणाला, ‘‘साहेब, पाणी उतार बघतं, घरनंबर बघत नाही.’’

सकाळी सहा घरांच्या रेघा जागच्या जागी होत्या. तिसऱ्या घराची पाण्याची रेघ चार सेंटिमीटर उतरली होती. हे घर दीड वर्ष बंद. मालक मुलाकडे बंगळूरला. नळाला पाणी आले की टाकी आपोआप भरत होती आणि कुणी तोंड धुवायलाही नसलेल्या घरात पाणी रोज वापरले जात होते! दुसऱ्या रात्री त्याने एकेक शाखा बंद करून पाहिली आणि मागच्या अंगणातल्या नळाकडे जाणारी, स्वयंपाकघराखालून गेलेली लाइन धरली. फोनवर परवानगी घेऊन ती सुरुवातीलाच टोपण लावून बंद केली. फरशीची एक कपचीही उडाली नाही. वहिनींची भिंत सुकायला मात्र तीन महिने लागले.

हे टाकीचे गणित ज्याला बँकेतली रोजची जुळवणी ठाऊक आहे त्याला फार आवडेल. आरंभीची शिल्लक, अधिक जमा, वजा नावे, बरोबर अखेरची शिल्लक. जमा आणि नावे दोन्ही शून्य ठेवली आणि तरीही शिल्लक बदलली, तर कुठेतरी खरोखरच पाणी मुरते आहे. मीटरभर व्यासाच्या गोल टाकीत पाणी एक सेंटिमीटर उतरले म्हणजे सुमारे आठ लिटर गेले. आठ तासांत चार सेंटिमीटर म्हणजे दिवसाला सुमारे चौऱ्याण्णव लिटर आणि वर्षाला चौतीस हजार, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर भरून वर उरेल इतके. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी असावे असे आपले भारतीय मानक सांगते. उन्हाळ्यात टँकरच्या रांगा लावणाऱ्या शहरात एका बंद घराखालचा मुरूम जवळजवळ एका माणसाचे पाणी पीत होता.

ही तपासणी कोणालाही घरी करता येते. मात्र आधी फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाकावी आणि वीस मिनिटांनी खाली भांड्यात निळे पाणी उतरले का ते पाहावे, कारण मुक्याने गळणारी फ्लशची टाकी पुष्कळदा जमिनीखालच्या नळावर आळ आणते. रेघ उतरली तर पुढच्या रात्री टाकीचा खालचा कॉकही बंद करावा. तरीही पाणी उतरले तर टाकीच फुटकी आहे. गरम पाण्याची लाइन गळत असेल तर जमीन एका जागी कोमट लागते. थंडीच्या दिवसांत घरातले मांजर रोज एकाच उघड्या फरशीवर ताणून देत असेल तर त्या फरशीवर आपणही एकदा पाय ठेवून पाहावा.

याच्या पुढची साधनेही आता आपल्या शहरांत मिळू लागली आहेत. जमिनीवर ठेवून ऐकायचे मायक्रोफोन आहेत, उष्णतेचे चित्र काढणारे कॅमेरे आहेत. नळ रिकामा करून त्यात पाच टक्के हायड्रोजन आणि पंचाण्णव टक्के नायट्रोजन असे न पेटणारे मिश्रण भरतात. हायड्रोजन इतका हलका की तो काँक्रीटमधून आणि फरशीच्या सांध्यांतून वर येतो आणि यंत्र त्याचा वास धरते. अमेरिकेत कॅलिफोर्निया-टेक्सासकडे घरे थेट काँक्रीटच्या पाटावर उभी असतात आणि खालून तांब्याचे नळ जातात, त्यामुळे तिथे गळती शोधणे हा स्वतंत्र धंदाच आहे. पण एक फरक ध्यानात ठेवावा. तिथे नळात चोवीस तास तीन ते पाच किलोंचा दाब असतो, म्हणून गळती फुसफुसते आणि ऐकू येते. आपल्या गच्चीवरच्या टाकीचा तळमजल्यावरचा दाब जेमतेम अर्धा किलो. आपली गळती कुजबुजतही नाही. तेव्हा महागडे यंत्र आणणाऱ्याने आधी हातपंपाने नळात दाब चढवला नाही, तर तो नुसता फरशीला कान लावून बसला आहे असे समजावे.

आता माझा खरा मुद्दा. त्या म्हाताऱ्या प्लंबरने दोन रात्रींचे पंधराशे रुपये मागितले. समितीत प्रश्न निघाला, ‘‘फोडलं तर काहीच नाही, मग पंधराशे कसले?’’ बेचाळीस हजारांवर अवाक्षर न काढलेल्या सभासदांनी पंधराशेंवर दोन बैठका घेतल्या. मी भांडलो, आणखी दोघे भांडले, शेवटी पैसे दिले गेले. पण हा प्रश्न एका समितीचा नाही. आपल्याला घामाचे आणि मलब्याचे पैसे द्यायला काही वाटत नाही. शोधण्याचे पैसे द्यायला मात्र हात आखडतो. परिणाम असा की विचार करणारा कारागीर उपाशी राहतो आणि फोडणारा ठेकेदार बंगला बांधतो. माझे स्पष्ट मत आहे की शोधण्याची मजुरी दुरुस्तीच्या मजुरीपासून वेगळी ठरवावी, आधी ठरवावी आणि काहीही न फोडता ती द्यावी. शोधणारा आणि फोडणारा एकच माणूस असेल तर फोडण्यातच त्याचे पोट आहे, हे लक्षात असू द्यावे.

दुसरे असे की, जुन्या घरात जमिनीखालचा नळ एका जागी गळला तर तेवढाच तुकडा बदलणे मला शहाणपणाचे वाटत नाही. त्याच वयाचे, त्याच मातीतले बाकीचे जोड रांगेत उभेच असतात. ती लाइन दोन्ही टोकांना बंद करून सोडून द्यावी आणि नवी भिंतीवरून, उघडी न्यावी. ‘उघडे पाइप वाईट दिसतात’ ही नापसंती आपल्याला टाइल्सच्या जाहिरातींनी शिकवली. आपले पूर्वज याबाबतीत अधिक सावध होते. अठराव्या शतकाच्या मध्याला, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे जमिनीखालून पाणी आणले, तेव्हा त्या मार्गावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. हवा खेळायला, आणि माणसाला खाली उतरून पाहायला, गाळ काढायलाही. एवढा मोठा नळ पुरताना त्यांनी तो पुन्हा पाहावा लागेल हे गृहीत धरले होते. आपण अर्ध्या इंचाचा नळ पुरतो तो जणू कायमचा.

तिसरी गोष्ट नकाशाची. गृहकर्जाच्या फायली माझ्या हातून पुष्कळ गेल्या. त्यांत मालकीहक्काचा शोध असे, मंजूर नकाशा असे, मूल्यांकनाचा अहवाल असे. घरात पाणी कुठून फिरते याचा कागद एकाही फायलीत मी पाहिला नाही, आणि बँकेच्या नियमांत तो मागायची सोय नव्हती. वीस वर्षांचे कर्ज ज्या भिंतींवर द्यायचे, त्या भिंतींखाली काय आहे हे ना बँकेला ठाऊक, ना मालकाला. बिल्डरकडून ताबा घेताना पार्किंगच्या जागेसाठी जितके भांडण होते त्याच्या दशांशाने तरी या एका कागदासाठी व्हायला हवे.

चौथ्या आणि पाचव्या घराचे सांगायचे राहिले. कारण सापडले, भिंत वाळली, पण दिवाळीचा फराळ अजून त्या दोन घरांमध्ये जात-येत नाही. वहिनींचे सासरे त्या पावसाळ्यात गेले, तेव्हा पाचव्या घरचे लोक आले, दारातच उभे राहून परत गेले.

साताऱ्याला माझा पुतण्या गेल्या वर्षी घर बांधत होता. नळ टाकून झाले आणि फरशी बसायची होती, त्या दिवशी मी त्याला प्रत्येक खोलीचे फोटो काढायला लावले. प्रत्येक जोडाशेजारी टेप धरून, दोन भिंतींपासूनचे अंतर दिसेल असे. ‘‘काका, मोबाइलमध्ये राहतील की,’’ तो म्हणत होता. मोबाइल दर तीन वर्षांनी बदलतो, घर बदलत नाही. त्याने शेवटी चौकातल्या स्टुडिओतून अठ्ठावीस फोटो कागदावर छापून आणले. एक संच त्याच्या खरेदीखताच्या पाकिटात आहे, दुसरा माझ्या कपाटात.